इयन मॅक्युअन: धार गेली की हात बसला?

सांजपाखरू:
कॉलेजात असताना फुटपाथवरच्या जुन्या पुस्तकांत ब्रिटिश कादंबरीकार इयन मॅक्युअनचं ‘द सिमेंट गार्डन’ मिळालं होतं. आई मरते. आपल्याला अनाथाश्रमात टाकतील या भीतीनं चार भावंडं तिला तळघरात ट्रंकेत ठेवून वर सिमेंट ओततात आणि त्याच घरात राहत राहतात. १९७८ ची कादंबरी. त्या रात्री मला दिवा मालवायला हात होईना. तिकडच्या पत्रकारांनी मॅक्युअनच्या आडनावाशी खेळून ‘इयन मकाब्र’, म्हणजे भयाण इयन, असं नाव पाडलं होतं ते उगाच नाही.

आणि आता? दर कादंबरीला एक विषय: मेंदूची शस्त्रक्रिया, हवामानबदल, कौटुंबिक न्यायालय, यंत्रमानव. स्वारी अभ्यास करून आलीय हे पानोपानी कळतं. बुकर मिळालं तेही १९९८ च्या ‘ॲमस्टरडॅम’ला, जे माझ्या मते त्याचं सगळ्यात पातळ पुस्तक (दोन्ही अर्थांनी). लेखक हुशार झाला आणि त्याच्यातली भीती गेली, असं माझं म्हणणं. पटत नसेल तर भांडा.

गवती चहा:
भांडते. ‘अटोनमेंट’ (२००१) पण गृहपाठातच धरणार का? त्यात दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैन्याच्या डंकर्कच्या माघारीत दोन जखमी सैनिक एका मोटरसायकलवर दिसतात. एकाचे पाय निकामी, दुसऱ्याचे हात, दोघं मिळून गाडी हाकतात. ते त्याच्या वडिलांचं आहे! वडील स्कॉटिश, साध्या सैनिकापासून मेजरपर्यंत चढलेले. डंकर्कला पायांत गोळ्या लागल्यावर हात जखमी झालेल्या एकाबरोबर त्यांनी अशीच गाडी चालवली होती. मुलगा सिंगापूर, लिबिया असा वडिलांच्या बदल्यांमागे वाढला. ग्रंथालयात बसून मिळणारी गोष्ट नाही ही.

ता. क.:
सांजपाखरूशी सहमत. ‘सॅटरडे’ (२००५) वाचून मी हात टेकले. १५ फेब्रुवारी २००३, इराक युद्धाविरुद्ध लंडनमध्ये प्रचंड मोर्चा, आणि आपण बघायचे काय, तर एका सुखवस्तू शल्यविशारदाची सुट्टी. त्यासाठी हे गृहस्थ दोन वर्षे ऑपरेशन थिएटरात एका सर्जनच्या मागे उभे राहिले. फळ काय? सुरा घेऊन घरात शिरलेला गुंड मुलीने म्हटलेली कविता ऐकून विरघळतो! आयरिश कादंबरीकार जॉन बॅनव्हिलने ‘न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स’मध्ये पुस्तक सोलून काढले ते योग्यच.

गवती चहा:
सोलताना बॅनव्हिलनं त्यातला स्क्वॅशचा सामनाच चुकीचा वाचला होता. समीक्षक जॉन सदरलंडनं पत्र लिहून ते दाखवून दिलं. पुढची गंमत बघा. त्याच वर्षी सदरलंड बुकरच्या परीक्षकांचे अध्यक्ष होते आणि त्यांच्याच निर्णायक मतानं बक्षीस गेलं बॅनव्हिलला. (कवितेचं मात्र मान्य. तिथं मलाही हसू फुटलं.)

सांजपाखरू:
वडिलांचं ठीक. पण ‘अटोनमेंट’मधल्या परिचारिकांचं काय? लुसिला अँड्र्यूज युद्धकाळात लंडनला परिचारिका होती, १९७७ मध्ये तिनं आठवणी लिहिल्या. गजकर्णावर जेन्शन व्हायोलेट लावणं वगैरे तपशील दोन्हीकडे जवळजवळ त्याच शब्दांत आहेत. २००६ मध्ये ती वारली आणि पाठोपाठ वर्तमानपत्रांनी चोरीची बोंब ठोकली. हेही घरातलंच का?

निळी शाई:
माझी आई तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात परिचारिका होती. आमच्या लहानपणी गजकर्ण म्हटलं की ते जांभळं औषध. शाळेत निम्म्या पोरांच्या माना जांभळ्या असायच्या. आईनं आठवणी लिहिल्या असत्या तर हेच वाक्य आलं असतं, कारण लावायला दुसरं होतंच काय?

शिवाय मॅक्युअननं पुस्तकाच्या शेवटी अँड्र्यूजचं नाव घेऊन आभार मानलेत. चोर असं पत्ता सोडून जातो का? मुलाखत न देणारा, लोकांसमोर न येणारा अमेरिकन कादंबरीकार थॉमस पिंचनसुद्धा पत्र लिहून त्याच्या बाजूनं उभा राहिला. इशिगुरो, ॲटवूड हे लेखकही होते. तरी मला एक टोचतंच. पुस्तक आल्यावर ती पाच वर्षं हयात होती. कादंबरीतल्या शिकाऊ परिचारिकेचे तपशील जिच्या आठवणींतून घेतले तिला आपणहून एक पत्र टाकायला हवं होतं.

रेडिंगकर:
मी रेडिंगला राहतो, लंडनच्या गाडीसाठी रोज इथल्या स्टेशनवर असतो. म्हणून हे लिहितोय.

१९४२ मध्ये याच स्टेशनवर मॅक्युअनच्या आईनं आपलं तान्हं मूल अनोळखी माणसांच्या हाती दिलं. त्याआधी पेपरात जाहिरात दिली होती: महिन्याच्या मुलग्यासाठी घर हवे, सर्व हक्क सोडून. तिचा नवरा युद्धावर होता आणि मूल दुसऱ्याचं, म्हणजे पुढे जे इयनचे वडील झाले त्यांचं. १९४४ मध्ये नवरा मारला गेला, मग त्या दोघांनी लग्न केलं, १९४८ मध्ये इयन जन्मला. थोडक्यात, सख्खा भाऊ. तो गवंडी झाला. दोघांना एकमेकांचा पत्ता लागला २००२ मध्ये.

आता सालं बघा. ‘अटोनमेंट’ २००१ चं. युद्धातली ताटातूट, घरातल्या एका खोट्यानं फिरलेली आयुष्यं. हे सगळं त्यानं भाऊ सापडायच्या आधी लिहिलं. मग २०२२ च्या ‘लेसन्स’मध्ये नायकाला असाच भाऊ सापडतो, तिथं हे स्टेशन थेट येतं. भीती गेली म्हणता, पण ती त्याच्या घरातच होती, फक्त वाच्यता नव्हती. मी पुस्तक वाचल्यापासून फलाटावर उभा राहिलो की कडेवर मूल असलेल्या बायकांकडे उगाच लक्ष जातं.

सांजपाखरू:
स्टेशनचं माहीत नव्हतं. वाचून जरा गप्प झालो. ‘लेसन्स’ जाडी बघून टाळलं होतं. पण त्यातही क्युबाचा १९६२ चा अण्वस्त्रांचा पेच, चेर्नोबिल, बर्लिनची भिंत, कोविड अशी सगळी हजेरी आहे ना? म्हणजे गृहपाठ आहेच.

रेडिंगकर:
आहे. पण क्युबाच्या वेळी जग आता संपणार म्हणून घाबरलेला चौदा वर्षांचा मुलगा सायकल काढतो आणि पियानोच्या बाईंच्या दारात जाऊन उभा राहतो. बाई दार उघडतात. पुढचं वाचा आणि दिवा मालवता येतो का ते कळवा.

ता. क.:
‘सॅटरडे’बद्दल माझे मत कायम आहे.

गवती चहा:
असू दे. कवितेचं पान चिकटवून टाका, बाकी पुस्तक चांगलं आहे.