"बॅज आणि पिस्तूल टेबलावर ठेव" म्हणणारा कॅप्टनच बरोबर होता

फुरसतराव

काल इथेच एका प्रतिसादात वाचलं: "ऐंशीच्या दशकातले इंग्रजी पोलिसपट म्हणजे निखळ करमणूक. ना भाषणबाजी, ना अजेंडा. आणि पोलीस असावा तर तसा!" पहिल्या वाक्याला माझी हरकत नाही. दुसऱ्याला हसू आलं. तिसऱ्याने डोकं फिरलं, म्हणून हा वेगळा धागा.

मी पुण्याच्या 'राहुल' थेटरात हे सिनेमे बघत मोठा झालोय, तेव्हा मला 'आर्ट फिल्मवाला' म्हणून झटकू नका.

भाषणबाजी नाही म्हणता? 'कोब्रा' (१९८६) सुरूच होतो तो स्टॅलोनच्या आवाजातल्या आकडेवारीने. अमेरिकेत दर ११ सेकंदांना घरफोडी, दर २४ मिनिटांना खून. नायकाचं तोंड नीट दिसायच्या आत भाषण उरकलेलं असतं. अजेंडा नाही? या सगळ्यांचा मूळपुरुष क्लिंट ईस्टवूडचा 'डर्टी हॅरी' (१९७१). त्यात सरकारी वकील नियम मोडणाऱ्या पोलिसाला, हॅरीला, समोर उभा करून एस्कोबेडो आणि मिरांडा खटल्यांची आठवण करून देतो. दोन्ही सुप्रीम कोर्टाचे खरे निकाल, आरोपीच्या हक्कांबद्दलचे. आणि आपल्याला तो वकील अडाणी वाटावा अशी सगळी मांडणी. अमेरिकन समीक्षक पॉलिन केलने तेव्हाच त्या सिनेमाला फॅसिस्ट म्हटलं होतं. पुढे याच मालिकेतल्या 'सडन इम्पॅक्ट' (१९८३) मधला "गो अहेड, मेक माय डे" (कर हिंमत, मी वाटच बघतोय) हा डायलॉग १९८५मध्ये खुद्द रेगनसाहेबांनी करवाढ रोखण्याची धमकी देताना वापरला. राष्ट्राध्यक्षाच्या तोंडी बसतो तो अजेंडा नाही तर काय?

मुख्य हातचलाखी वेगळीच आहे. खुनी कोण हे सिनेमा आपल्याला आधीच दाखवून ठेवतो. मग वॉरंट कुठंय, पुरावा काय, असं विचारून नायकाचा बॅज आणि पिस्तूल काढून घेणारा कॅप्टन मूर्खच दिसणार. त्या बिचाऱ्याने आपल्यासारखं तिकीट काढलेलं नसतं ना.

धडाकेबाज

झालं! आता 'डाय हार्ड'मध्येही राज्यघटना शोधा.

फुरसतराव, १९८०मध्ये अमेरिकेत लाखामागे दहाच्या वर खून होत होते. लोक संध्याकाळनंतर बाहेर पडायला टरकत होते. ती भीती खरी होती, सिनेमावाल्यांनी ती विकली. धंदाच आहे त्यांचा.

आणि 'टफ' म्हणजे मख्ख नव्हे. 'लीथल वेपन' (१९८७) मधला रिग्ज सुरुवातीलाच स्वतःच्या तोंडात पिस्तूल घालून रडत बसतो. 'डाय हार्ड'चा मॅक्लेन काचांवरून अनवाणी पळतो आणि मग न्हाणीघरात बसून तळव्यातले तुकडे उपसताना बायकोला निरोप देतो, तोही रडतच. आजचा हिरो इमारतीवरून पडतो आणि केस सारखे करत उठतो. शिवाय 'डाय हार्ड' बघताना तो कुठल्या मजल्यावर आहे, जिना कुठे, लिफ्ट कुठे, हे तुम्हाला कायम ठाऊक असतं. आता कॅमेरा इतका हलतो की कोण कुणाला मारतंय कळत नाही.

"फॅसिस्ट" वगैरे ठीक. 'लीथल वेपन २' (१९८९) मध्ये खलनायक कोण? वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेचे वकिलातवाले. रिग्जचा जोडीदार, कृष्णवर्णीय मर्टो, त्यांच्या म्होरक्याला उडवतो. हा कुठला फॅसिझम?

फुरसतराव

म्होरक्या हात वर करून "डिप्लोमॅटिक इम्युनिटी" (वकिलातीचा माणूस, मला हात लावता येणार नाही) म्हणतो, त्यावर त्याला कपाळात गोळी आणि वर एक टाळीबाज वाक्य. पक्ष योग्य निवडला हे मान्य. रीत तीच.

निशिगंधा

'डाय हार्ड'चा विषय निघालाच आहे तर सार्जंट पॉवेलबद्दल बोलूया का? खालून वॉकीटॉकीवर मॅक्लेनला धीर देणारा. सगळ्यांचा लाडका, माझाही.

त्याने पूर्वी एका १३ वर्षांच्या मुलाला गोळी घातलेली असते. मुलाच्या हातात खेळण्यातली बंदूक. ही गोष्ट सिनेमात कुणाचं दुःख म्हणून येते? पॉवेलचं. तेव्हापासून त्याचा पिस्तुलावर हात जात नाही, बिचारा कार्यालयात कागदी कामावर बसून असतो. मुलाला नाव नाही, आई नाही. शेवटी पॉवेल पुन्हा पिस्तूल काढतो, माणूस मारतो, संगीत चढतं आणि आपण टाळ्या वाजवतो. पोलीस बरा झाला!

सिनेमा १९८८चा. त्याआधी तीनच वर्षं सुप्रीम कोर्टाने टेनेसी विरुद्ध गार्नर खटल्यात सांगितलं होतं की नि:शस्त्र आणि धोकादायक नसलेल्या माणसाला केवळ पळतोय म्हणून गोळी घालता येणार नाही. त्या खटल्यातला मुलगा १५ वर्षांचा होता. म्हणजे विषय हवेतला नव्हता.

धडाकेबाज

अहो ताई, शेवटी समोर खलनायकाच्या टोळीतला कार्ल मशीनगन घेऊन उभा होता. पॉवेलने त्याला ओवाळायचं होतं का?

निशिगंधा

ताई म्हणायचं कारण नाही. आणि मी कार्लबद्दल बोललेच नाही, लेखकाबद्दल बोलले. कार्लला तिथे उभा कुणी केला? मुलाचा हिशेब चुकता करायला एक हुकमी राक्षस लागतो, तो त्याने आणून दिला.

वात्रट

कोब्रा शिळा पिझ्झा कात्रीने कापून खातो. यावर अजून कुणीच कसं बोललं नाही? पॉपकॉर्न घेऊन बसलोय, चालू द्या.

डेट्रॉईटकर

ऐंशीच्या दशकात मी मिशिगनमध्ये होतो. आधी माझी जुनी तक्रार: 'रोबोकॉप'मधलं डेट्रॉईट म्हणजे बहुतांशी डॅलस आहे! आमच्या शहराची बदनामी करायची आणि चित्रीकरणाचे पैसे टेक्सासला द्यायचे. 'बेव्हर्ली हिल्स कॉप'ने (१९८४) निदान सुरुवातीचा ट्रकचा पाठलाग खऱ्या डेट्रॉईटमध्ये घेतला.

फुरसतराव, तुमच्या कामाचा मुद्दा देतो. त्यात नायकाला, एडी मर्फीला, कचाकचा शिव्या घालणारा इन्स्पेक्टर टॉड आठवतो? ते गिल हिल. नट नव्हेत, डेट्रॉईट पोलिसांत खुनांचा तपास करणारे खरेखुरे अधिकारी. पुढे शहराच्या कौन्सिलचे अध्यक्षही झाले. म्हणजे अख्ख्या सिनेमात अस्सल पोलीस कोण, तर "नियम पाळ" म्हणून बोंबलणारा साहेब!

आता उलटी बाजू. एका रात्री उपनगरात मला पोलिसाने थांबवलं. मागचा दिवा गेला होता, इतकंच. तो खिडकीशी आला तेव्हा त्याचा हात कमरेच्या पिस्तुलावर होता. परवाना मागच्या खिशात. "काढू का?" असं विचारून त्याने मान हलवेपर्यंत मी बोटही हलवलं नाही. तेव्हापासून हे सिनेमे बघताना माझी सीट बदलली. मी गाडीतल्या माणसाच्या जागी बसतो.

पंचनामा

माझे वडील हवालदार. पोलीस लाईनीतल्या दीड खोलीत बालपण गेलं. व्हिडिओ भाड्याने आणून हे सिनेमे दाखवले की ते पोट धरून हसायचे. "दहा जण पाडले आणि निघाला घरी? पंचनामा कोण करणार, ह्याचा बाप?" आमच्याकडे एक गोळी झाडली तरी रिकामी पुंगळी जमा करून हिशेब द्यावा लागतो. गणपतीचा बंदोबस्त संपवून आले की आई परातीत मिठाचं गरम पाणी घ्यायची. मोजे काढताना कातडी सोबत यायची. 'टफ कॉप' मी तो पाहिलाय.

ऐंशीच्या दशकातला पोलीस बघायचाय तर 'अर्धसत्य' (१९८३) बघा. पानवलकरांची कथा, तेंडुलकरांची पटकथा. त्यातला सब-इन्स्पेक्टर वेलणकर कोठडीत एका किरकोळ चोराला मारून टाकतो तेव्हा थेटरात टाळी पडत नाही.

धडाकेबाज

आणि खलनायक रामा शेट्टीचा गळा आवळतो तेव्हा? तेव्हा टाळ्या पडल्याच होत्या साहेब. मी होतो तिथे. तिकडे ईस्टवूडने केलं की फॅसिस्ट, इकडे ओम पुरीने केलं की राष्ट्रीय पुरस्कार!

पंचनामा

वेलणकर नंतर स्वतः पोलिसांत हजर होतो. हॅरी बॅज फेकतो आणि चालू लागतो. दोन्ही एकच वाटत असतील तर बोलणंच खुंटलं.

निशिगंधा

पंचनामा, इथे मी धडाकेबाजांच्या बाजूने (नाइलाजाने). त्या टाळ्या अपघात नव्हत्या. वडाळ्याला मन्या सुर्वेचं एन्काउंटर झालं जानेवारी १९८२ला. पुढच्या वर्षी 'अर्धसत्य'. नव्वदीत तर वर्तमानपत्रं कुठल्या अधिकाऱ्याचे किती झाले हे क्रिकेटच्या धावांसारखं छापत होती. लोकांनी गळा आवळणारा वेलणकरचा हात लक्षात ठेवला, हजर होणं विसरले.

पंचनामा

मग दोष प्रेक्षकाचा. तेंडुलकरांच्या माथी का मारता?

धडाकेबाज

वा! 'अर्धसत्य'ला दोष प्रेक्षकाचा आणि 'डाय हार्ड'ला दोष लेखकाचा. सोयीचा न्याय आहे.

आणि आता एक खरं सांगतो. आमच्या दुकानाचं शटर उचकटलं होतं. गल्ला, दोन मशीन, सगळं गेलं. चौकीवर गेलो तर "एफआयआर कशाला, अर्ज देऊन ठेवा". फेऱ्या मारून चपला झिजल्या. कुणी बघायलाही आलं नाही. त्या महिन्यात मी 'कोब्रा' पुन्हा लावला. मूर्ख सिनेमा आहे, मलाही कळतं. पण त्यात पोलीस उठून येतो हो. ते बघायला मी पैसे दिले. तुमच्या घरी चोर शिरू द्या, मग मिरांडा शिकवा.

फुरसतराव

'तुमच्या घरी चोर शिरू द्या' कधी येतंय याचीच वाट बघत होतो.

पण अर्ज देऊन ठेवा हे ऐकलेले आम्हीही आहोत. उठून येणारा पोलीस हवा, इथवर तुमच्याशी भांडण नाही, आणि या सिनेमांची निम्मी जादू तीच आहे हेही लिहून घ्या, मोठ्या मनाने देतोय. फक्त एक सांगा, तुमच्या दुकानाचं शटर कुणी उचकटलं हे कोब्राला कसं कळणार? पडद्यावर आधी दाखवलेलं नाही. तो येणार, गल्लीत पहिला जो सापडेल त्याला धरणार. त्या पोराच्या आईने मग कुठे अर्ज द्यायचा?

धडाकेबाज

गल्लीतल्या पोरांची नावं मी स्वतः दिली होती चौकीवर.

निशिगंधा

पुरावा काय होता?

धडाकेबाज

झाला कॅप्टन हजर!

वात्रट

पिस्तूल टेबलावर ठेवा, धडाकेबाज. कात्री राहू द्या.