फियाटचं हेड गॅस्केट
दादा, तुमच्या फियाट ११०० चं हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) मिळत नाय म्हणून गॅस्केटच्या शीटमधनं कापून घेऊ का विचारलंय, तर ते नका करू, तिथं कंप्रेशनचा दाब असतो, शीट जळून जाते. वॉटर पंपाचं गॅस्केट मात्र आम्ही सांगलीत घरीच काढतो, शीट पार्टवर ठेवून आधी बोल्टची भोकं पंचनं पाडायची, बोल्ट घालायचे म्हंजे शीट सरकत नाय, मग कडेकडेनं हातोडीनं हलकं ठोकायचं, म्हंजे शीट कडेवर कापली जाते. अ‍ॅल्युमिनियमच्या पार्टवर ठोकू नका, पार्टची कड दबते, तिथं काळं (वापरलेलं) ऑइल लावून शीटवर छाप घ्या आणि त्यावरनं कापा. आणि जुनं गॅस्केट अ‍ॅस्बेस्टॉसचं असेल, कोरडं अजिबात खरवडू नका हो, धूळ फुफ्फुसात जाते, ओलं करूनच काढा. निव्वळ तांब्याचं वायसर असेल तर लालसर तापवून गार करा, मऊ होतं, परत चालतं.