मदत हवी आहे: डेस्कटॉपवर हेडसेटच्या माईकमधून सतत घूंऽऽ येतंय

मंडळी, डेस्कटॉपला वायरवाला हेडसेट लावलाय, ३.५ एमएमची एकच पिन, तिच्यावर तीन काळ्या रिंगा म्हणजे माईक त्यातच. सीपीयूला मागं ऐकायला हिरवं न् माईकला गुलाबी असं वेगळं भोक, म्हणून एका पिनेच्या दोन करणारा स्प्लिटर आणला. ऐकायला दोन्ही कानात झकास येतंय पण समोरच्याला माझा आवाज बारीक आणि मागं सतत घूंऽऽ. मोबाईलला लावला की तोच माईक एकदम क्लिअर, त्यामुळं हेडसेट खराब नाही.

विंडोज १०. प्रायव्हसीत माईकची परवानगी चालू, डिफॉल्ट डिव्हाईस तोच, लेव्हल १००, रियलटेकचा म्हणजे साऊंडचा ड्रायव्हर काढून परत टाकला. माईकचा आवाज मोठा करणारा बूस्ट वाढवला तर घूं पण वाढतं. पुढचा जॅक त्याहून बेकार. गंमत म्हणजे कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की घूं कमी होतं, बारीक मुंग्या पण येतात. घर सांगलीत गावभागात, भाड्याचं, वायरिंग जुनं, मालक काय लगेच अर्थिंग करून देत नाहीत. दुकानदार म्हणतो हेडसेटच बदला, ते काय पटंना.

तर हे अर्थिंगचंच आहे का स्प्लिटरचं, कसं ओळखायचं? आणि यूएसबी साऊंड कार्ड घेतलं तर घूं जाईल, का अर्थिंग नसेल तर तिथंपण येईल?