चर्चच्या आवारात नाताळचा चित्रपट: पडदा, आवाज, सबटायटल

रेल्वेलाईन्सकर
सर्वांना जय ख्रिस्त. नाताळच्या आधीच्या शनिवारी, सोलापुरात, चर्चच्या आवारात ख्रिस्तजन्मावरचा चित्रपट दाखवायचा आहे. साधारण ८० जण, त्यात संडे स्कूलची मुलं आणि बरेच आजी-आजोबा. ३००० लुमेनचा (लुमेन म्हणजे उजेडाचं माप) प्रोजेक्टर, मंडळीचा आवाजाचा मिक्सर, दोन स्पीकर आहेत. कोणता चित्रपट लावावा? पडदा केवढा घ्यावा?

लूक_दोन
मुलं जास्त असतील तर 'द स्टार' (२०१७). ॲनिमेशन, ८६ मिनिटं, गाढवाच्या बाजूने सांगितलेली गोष्ट. 'द नेटिव्हिटी स्टोरी' (२००६) सुंदर आहे, पण सुरुवातच हेरोद राजाने करवलेल्या बालहत्येने होते, लहानग्यांना समोर बसवू नका. 'जीझस' (१९७९) मराठीत डब झालेला आहे आणि लूकच्या शुभवर्तमानावर बेतलेला आहे, पण त्यात जन्माचा भाग थोडाच. तेवढाच लावून लूकचा २ रा अध्याय वाचला, तर आजी-आजोबांना फार आवडेल.
एक महत्त्वाचं: ओटीटीचं खातं घरच्या वापरापुरतं असतं. जाहीर दाखवायला हक्कधारकांची परवानगी लागते, तिकीट नसलं तरी. आत्ताच पत्र टाका.

नवी_पेठ_साउंड
१० फूट रुंद पडदा पुरे. १६:९ मध्ये उंची साडेपाच फुटांच्या आसपास येते. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले पडद्याची रुंदी) १.५ असेल तर तो १५ फुटांवर ठेवा. पडद्याची खालची कड जमिनीपासून ४ फूट हवी, नाहीतर पुढच्यांची डोकी आड येतात. कापड चौकटीला इलॅस्टिक दोरीने बांधा, वाऱ्यावर शिडासारखं फुगणार नाही. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पावणेसातशिवाय सुरू करू नका. लाउडस्पीकरची लेखी परवानगी आधीच काढा.

पण खरी गडबड आवाजात होते. लॅपटॉपची ३.५ मिमी स्टिरिओ पिन सरळ मिक्सरच्या एका बॅलन्स्ड मोनो इनपुटमध्ये (माइकसारखा एकच आवाज दोन तारांतून घेणारा) खोचली, की तो इनपुट डाव्या-उजव्यातला फरक तेवढा घेतो. संवाद दोन्हीकडे सारखेच असतात, म्हणून तेच गायब! संगीत ऐकू येतं, मरिया-योसेफ नुसते ओठ हलवतात. ३.५ मिमीमधून दोन मोनो पिना निघणारी वाय-केबल घ्या, दोन चॅनेलला लावा. प्लेअरमध्ये ५.१ (सहा चॅनेलचा आवाज) ऐवजी स्टिरिओ निवडा. ब्लूटूथ नकोच, आवाज मागे पडतो.

रेल्वेलाईन्सकर
केबल आजच बघतो. मराठी सबटायटल आम्हीच लिहिली आहेत, पेनड्राइव्हवरून चालतील का?

लूक_दोन
प्रोजेक्टरच्या आतल्या प्लेअरवर विसंबू नका. असे बरेच प्लेअर जोडाक्षरं तोडतात, 'ख्रिस्त'चं 'ख् रिस् त' होतं. सबटायटलची फाइल यूटीएफ-८ मध्ये (मराठी अक्षरं नीट साठवणारी पद्धत) सेव्ह करून लॅपटॉपवर व्हीएलसी या प्लेअरमधून लावा. अक्षर मोठं, पांढरं, काळ्या कडेचं. एका वेळी दोनच ओळी. आजी-आजोबांना वाचायला वेळ लागतो, म्हणून लांब वाक्य तोडून दोन भागांत द्या. नावं बायबलमधलीच ठेवा: गब्रीएल, अलीशिबा, मागी.