बर्लिनमध्ये मुलांना घेऊन राहायला कुठला एरिया बरा? मदत हवी आहे
मंडळी, नवऱ्याला बर्लिनला जॉब लागलाय, ऑफिस पोट्सडामर प्लाट्झजवळ, मुलगा तीन वर्षांचा नि मुलगी यंदा पहिलीत जाईल. सगळे प्रेन्झलाउअर बेर्ग सांगतात, खेळायच्या जागा भरपूर वगैरे, पण भाडं बघूनच घाम फुटतो. मग पांको की त्सेलेनडोर्फ? पांकोहून यू२ मेट्रो डायरेक्ट, त्सेलेनडोर्फहून एस१ लोकल, तिकडे झाडी जास्त नि शांतता, पण मला जरा गजबज लागते हो. सरकारी शाळा पत्त्यावरून ठरते म्हणून घर आधी नीट बघायचंय. किटाला (म्हणजे तिथली बालवाडी-पाळणाघर) फी नाही, जेवणाचे महिना 23 युरो, पण गुटशाइन (किटासाठीचं सरकारी व्हाउचर) हातात असूनही जागा मिळायला वेळ लागतो म्हणतात, ते एरियाप्रमाणे बदलतं का? नि जर्मन अजिबात न येणारी मुलगी वर्गात रुळते का, तिथे राहणाऱ्यांनी प्लीज सांगा.