सल्ला हवा: नवरात्राच्या गर्दीत लहान मुलांच्या अंगावर ओळख कशी ठेवायची?

रंकाळ्याची_लेक
मोठा सात वर्षांचा, धाकटी साडेचार. यंदा नवरात्रात पुण्याहून जाऊबाई, त्यांची दोन मुलं आणि सासूबाई येणार, म्हणजे अंबाबाईच्या दर्शनाला आमची चांगलीच वरात निघणार. ललित पंचमीला त्र्यंबोलीच्या टेकडीवरही जायचंय. गर्दी कशी असते ते इथल्यांना काय सांगायचं! पोरांच्या अंगावर काहीतरी ओळख असावी असं वाटतं, पण नेमकं काय आणि कुठं? शाळेचं आयकार्ड घालायला मोठा तयार नाही ("आज कुठं शाळा आहे?"), आणि धाकटीला काहीही बांधलं की दहा मिनिटांत सुटलेलं असतं. आधारची झेरॉक्स खिशात ठेवू का? आणि पोरं घाबरणार नाहीत अशा बेतानं समजवायचं कसं? अनुभवाचं सांगा. "गर्दीत नेऊच नका" हे सासूबाईंना ऐकवायची माझी तयारी नाही.

तांबडा_पांढरा
काय पण करा, बुटात चिठ्ठी ठेवू नका. प्रत्येक व्हिडिओत सांगतात, बुटाच्या आत नंबर लिहा म्हणून. आणि देवळात बूट कुठं असतात? चप्पल स्टँडवर! पोरगं आत, नंबर भाईर. टोपी, पाण्याची बाटली, छोटी सॅक, सगळ्याचं तेच. अंगावरनं सुटणारी कुठलीच वस्तू हिशेबात धरायची न्हाई बगा.

बंदोबस्तवाला
होमगार्ड म्हणून नवरात्राचा बंदोबस्त केला आहे, त्यावरून सांगतो. चुकलेलं मूल आमच्याकडं आणतात तेव्हा ते हुंदके देत असतं, आणि घरी पाठ असलेलं तेव्हा एक अक्षर आठवत नाही. "नाव काय बाळ?" "पिंट्या." "बाबांचं नाव?" "बाबा." फारच हुशार असलं तर "पाटील". आता कोल्हापुरात स्पीकरवरून पाटलांच्या पिंट्याचा पुकारा केला तर अर्धा महाद्वार रोड हजर होईल. म्हणून लिहिलेला नंबर हवाच, आणि एक नव्हे, दोन. गर्दीत रेंज जाते, आईबाप दोघंही देवळात, दोघांचेही फोन लागत नाहीत. दुसरा नंबर त्या दिवशी घरी थांबलेल्या माणसाचा द्या. त्याचा फोन लागतो, तो दोन्हीकडचे निरोप पोचवतो.

देवळाला चार दरवाजे. महाद्वारातून आत आलेलं पोर घाटी दरवाजातून बाहेर पडलं की त्याला रस्ताच ओळखू येत नाही. त्याला शिकवा: दरवाजाबाहेर जायचं नाही, कडेला सरून भिंतीला पाठ लावून उभं राहायचं आणि हाक मारायची, तीही आईचं नाव घेऊन. नुसतं "आई" म्हटलं तर कुणीच वळत नाही, किंवा सगळ्याच वळतात.

गुजरीकर
चांदीचं छोटं पेंडंट करून त्यावर नंबर कोरून घ्या. चांदीच्या कामाचं गाव हुपरी जवळ असताना चिठ्ठ्या-चपाट्या कशाला?

बंदोबस्तवाला
@गुजरीकर, गर्दीत लहान पोराच्या अंगावर चांदी? आमचं काम वाढवू नका राव. स्टीलची पट्टी करा.

बालवाडीच्या_बाई
बाहेरून दिसेल असं नाव कुठंही लिहू नका. नावानं हाक मारणारा माणूस मुलांना ओळखीचाच वाटतो. वर नंबर पुरे. गळ्यात दोरीचं कार्डही नको, रेलिंगला नाहीतर घसरगुंडीला अडकलं तर फास बसतो. घालायचंच तर ओढ बसली की सुटणाऱ्या क्लिपची दोरी घ्या.

मी काय करते सांगते. पांढऱ्या सुती कापडाची बोटभर पट्टी, त्यावर न पुसणाऱ्या मार्करनं दोन नंबर, आणि ती फ्रॉकच्या किंवा शर्टाच्या आतल्या बाजूला, कमरेजवळच्या शिवणीला चार टाके घालून. टोचत नाही, सुटत नाही, साडेचार वर्षांच्या बोटांनाही उसवत नाही. पण पट्टी आहे हे मुलालाच माहीत नसेल तर काय उपयोग? त्यासाठी वर्गात दुकान-दुकान खेळतो. एक मूल दुकानदार, एक चुकलेलं. चुकलेल्यानं जाऊन म्हणायचं, "माझी आई सापडत नाही. इथं नंबर आहे, फोन लावा," आणि कोपरा उलटून दाखवायचा. काही पोरं नंबर दाखवून वर चॉकलेटही मागून घेतात. मागू देत. खेळ म्हणून केलं की भीती बसत नाही.

"अनोळखी माणसाशी बोलायचं नाही" एवढंच शिकवलेलं मूल पोलिसापासूनही लपतं. कुणाकडं जायचं ते सांगा: गणवेशातले पोलीस, गल्ल्यावर बसलेले दुकानदार, पोरंबाळं बरोबर असलेली बाई. आणि "चल, मी नेतो आईकडं" म्हणणाऱ्याबरोबर जागचं हलायचं नाही. फोन तिथूनच लावायचा.

नंबर पाठ करून घेताना एकेक आकडा घ्या. आजी "सत्याऐंशी" म्हणते, शाळेत "एट सेव्हन", आणि पोरं सात आधी सांगून मोकळी.

नवे_तंत्र
एवढा खटाटोप कशाला? जीपीएसचं घड्याळ घ्या, मोबाईलवर मूल दिसतं.

तांबडा_पांढरा
@नवे_तंत्र, वरती रेंजचं वाचलं न्हाई वाटतं. घड्याळाला पण सिमच लागतंय की! असंल तर घाला, पण पट्टीच्या जोडीला.

चांगभलं_वाडी
निघताना मुलांचा त्या दिवशीच्या कपड्यांत फोटो काढा, पोलिसांना दाखवायला बरा पडतो. हे अंबाबाईला ठीक. जोतिबाच्या चैत्र यात्रेला नेणार असाल तर वेगळा विचार करा, तिथं तासाभरात सगळी पोरं गुलालानं एकाच रंगाची. शर्ट निळा होता हे सांगून काही होत नाही. आम्ही दंडावर आतल्या बाजूला पेननं नंबर लिहून वर औषधाच्या दुकानातली पारदर्शक चिकटपट्टी लावतो. घामानं जात नाही.

रंकाळ्याची_लेक
सगळ्यांचे आभार! मग आधारचं काय? नवऱ्याचं म्हणणं, सरकारी कागद असलेला बरा.

अर्ज_विनंती
नको. झेरॉक्स ज्याच्या हाती पडेल त्याला पत्ता आणि जन्मतारीख आयती मिळते. आणि धाकटीचं निळं बाल आधार असेल तर त्यात बोटांचे ठसे नसतातच, पाच वर्षांखालच्यांचे घेत नाहीत. त्यामुळं ठशांवरून घर सापडेल असं धरून चालू नका. मोठ्याचे ठसे पाचव्या वर्षानंतर अपडेट केलेत का तेवढं बघा.

तुमच्या स्वतःच्या फोनमध्ये १०९८ आणि ११२ ठेवा. १०९८ मुलांसाठीची हेल्पलाइन, चोवीस तास, फुकट. मूल दिसेना झालं की लगेच पोलिसांना सांगायचं, "चोवीस तास वाट बघा" असा कुठलाही नियम नाही. उलट चुकलेलं मूल ज्याला सापडेल त्यानं चोवीस तासांच्या आत पोलिसांना किंवा १०९८ला कळवायचं, असं बाल न्याय कायदा सांगतो. म्हणजे कुणाचं पोर तुम्हाला सापडलं तर परस्पर घर शोधत हिंडू नका.

रंकाळ्याची_लेक
ठरलं. चारही पोरांना पट्ट्या, दुसरा नंबर सासऱ्यांचा, त्यांना तसंही गर्दीत यायचं नसतं. बाई, मार्कर धुण्यात टिकतो ना?

बालवाडीच्या_बाई
सगळे टिकत नाहीत. आधी एका पट्टीवर लिहून, वाळवून, साबणानं धुऊन बघा. आकडे स्वच्छ वाचता आले तरच बाकीच्या लिहायला घ्या.