रविवारची गर्दी, ताटकळणे आणि बिलावरचे १० टक्के सेवाशुल्क : ग्राहकाने काय करावे?

प्रश्न : टिळकवाडीकर

नमस्कार. गेल्या रविवारी रात्री आम्ही सहा जण, म्हणजे मी, पत्नी, दोन मुले आणि आई-वडील, बेळगावातल्या एका नेहमी भरलेल्या रेस्टॉरंटमध्ये जेवायला गेलो होतो. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कोणाची बदनामी करायची नसून त्यांचे कोठे चुकले आणि माझे कोठे, हे समजून घ्यायचे आहे. दारावरच्या वहीत ८ वाजून २० मिनिटांनी नाव लिहिले आणि टेबल मिळाले ते ९ वाजून १० मिनिटांनी; दरम्यान आमच्यानंतर आलेली दोन कुटुंबे आमच्यादेखत आत गेली. आईचे गुडघे दुखतात. तिच्यासाठी खुर्ची मागितली तेव्हा ‘बसा ना तिकडे’ असे उत्तर मिळाले, आणि ‘तिकडे’ बसायला जिन्याच्या पायरीखेरीज काहीही नव्हते.

पुढे ऑर्डर घेण्यात पंधरा मिनिटे गेली आणि पहिला पदार्थ येईपर्यंत आणखी चाळीस. आई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाही, म्हणून तिच्यासाठी पनीरची भाजी तशी करून द्यावी असे वेटरला दोनदा सांगितले आणि त्याने मानही हलवली. पण भाजी आली ती कांद्याच्या ग्रेव्हीतलीच. ती परत केली, तर बदलून येईपर्यंत आम्हा बाकीच्यांची जेवणे उरकली होती आणि आईने कंटाळून दहीभात मागवला.

बिल असे होते : पदार्थांचे २,८४० रुपये, त्यावर १० टक्के सेवाशुल्काचे २८४ रुपये, आणि या दोन्हींच्या बेरजेवर ५ टक्के जीएसटी १५६ रुपये २० पैसे, म्हणजे एकूण ३,२८० रुपये. सेवाशुल्क काढा असे मी सांगितले, तेव्हा गल्ल्यावरच्या गृहस्थांनी ‘ते सिस्टममध्येच येते’ असे म्हणून भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवले. मागे रांग होती, मुले झोपेला आली होती. मी पैसे देऊन बाहेर पडलो आणि तेव्हापासून स्वतःवरच चिडलो आहे. सेवाशुल्क नाकारण्याचा मला अधिकार होता का? छापील किंमत २० रुपये असलेल्या पाण्याच्या बाटलीला त्यांनी ४० रुपये लावले, ते योग्य आहे का? आणि आमच्या मागून आलेल्यांना आधी टेबल का मिळाले असावे? जाणकारांनी सांगावे.

उत्तर : शहापूर_पेठ

आधी बिलाचा विषय घेतो, कारण त्याची उत्तरे बरीचशी स्पष्ट आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजी काढलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कोणत्याही हॉटेलला किंवा रेस्टॉरंटला सेवाशुल्क बिलात आपोआप लावता येत नाही, दुसऱ्या नावाखाली वसूल करता येत नाही, आणि ते न देणाऱ्याला प्रवेश किंवा सेवा नाकारता येत नाही. ही रक्कम ऐच्छिक आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगणे हे हॉटेलचे काम आहे. ती पदार्थांच्या किमतीत मिळवून त्या एकत्रित बेरजेवर जीएसटी लावणे हेदेखील त्याच तत्त्वांमध्ये निषिद्ध आहे, आणि आपल्या बिलात नेमके तेच झालेले दिसते. म्हणजे आपले नुकसान २८४ रुपयांचे नाही, तर २९८ रुपयांचे आहे.

या तत्त्वांना हॉटेलचालकांच्या दोन राष्ट्रीय संघटनांनी दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिले होते आणि सुरुवातीला त्यांना स्थगितीही मिळाली होती. परंतु २८ मार्च २०२५ रोजी न्यायालयाने दोन्ही याचिका प्रत्येकी एक लाख रुपयांच्या दंडासह फेटाळल्या. संघटनांनी त्याविरुद्ध अपील केले आहे, हेही सांगून ठेवतो, कारण गल्ल्यावर कोणी ‘प्रकरण कोर्टात आहे’ असे म्हणाले तर आपण गोंधळून जाऊ नये. भिंतीवर पाटी लावली म्हणजे ऐच्छिक गोष्ट सक्तीची होत नाही.

पाण्याच्या बाटलीबाबत मात्र आपली निराशा होईल. हॉटेलात बसून घेतलेल्या बाटलीला छापील किमतीपेक्षा जास्त दर लावता येतो, असा सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबर २०१७ रोजी निकाल दिलेला आहे. तिथे आपण केवळ पाणी विकत घेत नसून जागा आणि सेवाही घेत असतो, असा त्यामागचा विचार आहे. मला तो पटत नाही, पण निकाल निकाल आहे. किराणा दुकानात हाच दर लावला असता तर गोष्ट वेगळी.

बिल हातात आल्यावर जीएसटी क्रमांकही पाहावा. कर्नाटकातील नोंदणीचा क्रमांक २९ ने सुरू होतो आणि महाराष्ट्रातील २७ ने, त्यामुळे आपण सीमेपलीकडे महाराष्ट्रातल्या शिनोळीला जेवलो की बेळगावात, हे बिलच सांगते. साध्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के कर असतो, अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा. परंतु जे लहान हॉटेल कॉम्पोझिशन योजनेत (म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने स्वतः कर भरण्याच्या योजनेत) आहे त्याला ग्राहकाकडून कर वसूल करताच येत नाही, आणि तसे त्याने बिलावर छापलेले असावे लागते. आपल्याकडील कित्येक लहान हॉटेलांत या बाबतीत सरळसरळ गोंधळ असतो.

पुढचा मार्ग असा : प्रथम हॉटेलकडे बिल दुरुस्त करून मागावे, ते ऐकत नसतील तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, तिथे मराठीतही बोलता येते आणि कन्नडमध्येही. त्यानेही काम झाले नाही तर डीसी ऑफिसात, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात, अर्ज देता येतो किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. तीनशे रुपयांसाठी कोणी आयोगात जाणार नाही हे हॉटेलवाल्यांनाही माहीत असते, म्हणून माझा भर १९१५ वर आहे. बिल फेकले नसेल अशी आशा आहे.

उत्तर : निपाणीचा जुना कॅप्टन

मी महामार्गावरच्या आणि शहरातल्या अशा दोन्ही प्रकारच्या हॉटेलांत मिळून अकरा वर्षे कॅप्टन, म्हणजे वेटरांवर देखरेख करणारा, म्हणून काम केले, म्हणून आतल्या बाजूने लिहितो. सेवाशुल्काबद्दल वर लिहिले आहे ते बरोबर आहे. एवढीच भर घालतो की मी जिथे काम केले त्यांपैकी एका ठिकाणी ते घेतले जात होते आणि त्यातला एक रुपयाही आम्हा वेटरांच्या हातात कधी आला नाही. ज्याने चांगले वाढले त्याच्या हातात ग्राहकाने वीस रुपये ठेवले, तर ते निदान त्याचे असतात.

आपल्या मागून आलेल्यांना आधी टेबल मिळणे हा नेहमीच अन्याय नसतो. सहा जणांना बसवायचे तर दोन टेबले जोडावी लागतात आणि शेजारशेजारची दोन टेबले एकाच वेळी रिकामी होणे हा नशिबाचा भाग असतो. दोघा-तिघांचे कुटुंब मात्र कोणत्याही सुटलेल्या टेबलावर बसते. आम्ही वहीत नावापुढे माणसांचा आकडा लिहितो तो त्यासाठीच. पण हे दारावरच्या माणसाने सांगायला हवे होते, ते त्याने सांगितले नाही, ही चूक त्यांचीच.

आता उशिराविषयी. वेटर जी ऑर्डर घेतो तिला आम्ही केओटी म्हणतो. तिची एक प्रत स्वयंपाकघरात जाते आणि एक बिलाच्या टेबलावर. आत तंदूर, भाज्या आणि चायनीज असे वेगवेगळे आचारी असतात, प्रत्येकापुढे चिठ्ठ्यांची वेगळी रांग असते, आणि टेबलावरचे जेवण एकत्र न्यायचे असल्याने सर्वांत मागे पडलेला विभाग तुमचा वेळ ठरवतो. रविवारी रात्री तो बहुधा तंदूर असतो. भट्टीला एका वेळी ठरावीकच रोट्या लागतात. त्यात कोणी वीस रोट्यांचे पार्सल सांगितले की मागची चार टेबले थांबलीच. म्हणून गर्दीच्या वेळी सर्वांनी तंदुरी पदार्थ मागवण्यापेक्षा दोघांनी भात, दोघांनी चपाती असे वाटून घेतले तर जेवण लवकर येते. साडेसातच्या आत बसणे हा त्याहून चांगला उपाय. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचे अधिवेशन असते तेव्हा तर शहरातील हॉटेलांत आठनंतर जाण्याचा विचारही करू नये.

कांदा-लसणाबद्दल एक गोष्ट ग्राहकांना ठाऊक नसते. बहुतेक रेस्टॉरंटांत कांदा-टोमॅटोची ग्रेव्ही सकाळीच मोठ्या पातेल्यात तयार होते आणि रात्री तिच्यातूनच दहा प्रकारच्या भाज्या निघतात, त्यामुळे ‘कांदा घालू नका’ हे ऐन गर्दीत सांगून भागत नाही, कारण कांदा आधीच त्यात असतो. ‘जैन ग्रेव्ही वेगळी आहे का’ असे विचारावे. नसेल तर साधी जिरा-बटाट्याची भाजी किंवा वरण मागवावे, ते ताजे करता येते. शिवाय आता वेटर मुले पुष्कळ ठिकाणी ओडिशा, बिहार, आसामकडची असतात. त्यांना ना धड मराठी कळते ना कन्नड, आणि मान ती प्रत्येक गोष्टीला हलवतात. अशी ऑर्डर कॅप्टनला बोलावून द्यावी आणि त्याने ती केओटीवर लिहिली का, हे समोर पाहून घ्यावे.

उत्तर : खानापूर_रोड

कॅप्टनसाहेबांनी आतली बाजू छान समजावली, पण ती वाचताना मला वाटत राहिले की सगळे शहाणपण ग्राहकानेच शिकायचे आहे. ग्राहकाने साडेसातला जायचे, रोट्या मोजून मागवायच्या, चिठ्ठी तपासायची. मग हॉटेलने काय करायचे? ज्या हॉटेलात दर रविवारी रांग लागते हे मालकाला माहीत आहे, तिथे बाहेर आठ-दहा प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पाण्याचा एक जार ठेवायला किती खर्च येतो? प्रश्नकर्त्यांच्या आईंना पायरीवर बसावे लागले हे मला त्या २९८ रुपयांपेक्षा जास्त लागले, आणि त्याची तक्रार नोंदवायला कोणताही क्रमांक नाही.

माझ्या सासऱ्यांना मधुमेह आहे, त्यामुळे वेळेवर जेवण हा आमच्याकडे हौसेचा प्रश्न नसतो. आम्ही आता कोठेही जाण्याआधी फोन करून दोनच गोष्टी विचारतो : टेबल राखून ठेवता का, आणि म्हाताऱ्या माणसांना थांबायला जागा आहे का. दुसऱ्या प्रश्नावर पलीकडचा माणूस कसा बोलतो यावरून त्या जागेची परीक्षा होते. शहरात अजून ज्या साध्या खानावळी उरल्या आहेत, तिथे मालक स्वतः वाढायला उभा असतो आणि ‘आज्जी, भाकरी मऊ देऊ का’ असे न मागता विचारतो. वातानुकूलित जागेत बसण्याची मुलांची हौस असते म्हणून आपण ते सोडून रांगेत उभे राहतो, हा आपलाही दोष आहेच.

एक सूचना. इंटरनेटवर अभिप्राय लिहायचा असेल तर रागात एक तारा देऊन ‘भिकार सेवा’ असे लिहू नये, त्याकडे कोणी लक्ष देत नाही. वार, वेळ, किती मिनिटे थांबावे लागले, काय मागवले आणि काय आले, एवढेच लिहावे. आणि पनीर चांगले होते तर तेही लिहावे. मालकाला उत्तर देणे भाग पडते ते अशा मजकुराला.

उत्तर : निपाणीचा जुना कॅप्टन

ताईंचे खुर्च्यांबद्दलचे म्हणणे मान्य आहे. आमच्याकडे खुर्च्या होत्या, पण मालकाने त्या काढून टाकल्या होत्या, कारण बाहेर बसलेली माणसे पाहून नवी गिऱ्हाइके परत जातात असे त्यांचे मत होते. उभी माणसे पाहून परत जात नाहीत का, असे मी विचारले होते. त्याचे उत्तर मला मिळाले नाही.

प्रश्नकर्ता : टिळकवाडीकर

सर्वांचे आभार. बिल पाकिटात होते. बुधवारी दुपारी चारच्या सुमारास, गर्दी नसताना, मी एकटाच तिथे गेलो आणि मालकांना भेटून २०२२ च्या तत्त्वांचा आणि जीएसटीचा मुद्दा शांतपणे सांगितला. आधी त्यांनी पुढच्या वेळी सूट देतो असे सांगितले. मी सूट नको, बिल दुरुस्त करून द्या म्हणालो आणि १९१५ चा उल्लेख केला, तेव्हा त्यांनी २९८ रुपये यूपीआयने परत केले. दुरुस्त बिल मात्र ‘सिस्टममध्ये जुना दिवस उघडत नाही’ म्हणून मिळाले नाही, आणि निघताना पाहिले तर पाटी होती तिथेच होती. तेव्हा पैसे परत मिळाल्यानंतरही केवळ त्या पाटीविषयी १९१५ वर तक्रार नोंदवता येईल का, हे शहापूर_पेठ यांनी सांगावे.

खुर्चीचे मी त्यांना वेगळे सांगितले. त्यावर ते काही वेळ गप्प राहिले आणि मग ‘आईंना घेऊन या एकदा’ एवढेच म्हणाले. घरी येऊन आईला निरोप दिला, तर ती म्हणाली, चातुर्मास संपू दे.

उत्तर : शहापूर_पेठ

हो, नोंदवता येईल. पाटीचा फोटो, बिलाचा फोटो आणि परताव्याची नोंद हे तिन्ही जोडावे. पैसे परत दिले याचाच अर्थ सेवाशुल्क आपोआप लावले होते.